घडी न मोडलेलं लुगडं

माझ्या मायनं चाळिशी ओलांडली तोवर एकाही नव्या लुगड्याची घडी मोडली नव्हती. नवं लुगडं आलं की ते पहिल्यांदा नेसायचं कुणी, घडी मोडायची कुणी, यावरून घराघरांत बायकांची मस्करी चालते. आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. आमच्याकडे लुगडं यायचं तेच रंग उडालेलं, बसून बसून विरलेलं. वलगावच्या ज्या मालकिणीच्या शेतात माय कापूस वेचायची, ती दिवाळीला तिचं जुनेर ओसरीवरून खाली टाकायची. हातात द्यायची नाही. माय ते पदरात झेलायची, घरी येऊन मधला विरलेला भाग फाडून काढायची आणि दोन्ही तुकडे जोडून दंड घालायची. मालकिणीची पोर माझ्याच वर्गात होती. "हिच्या मायच्या अंगावर माह्या मायचं लुगडं हाय," असं ती साऱ्या वर्गाला सांगायची. मी तिला विसरले नाही. मी कुणालाच विसरत नाही, हे आधीच सांगून टाकते.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मायनं मालकिणीचं शेत सोडलं आणि ती अकोल्याला जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लागली. दिवसभर सरकी निवडून संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. त्या कापसावर मी अमरावतीला वसतिगृहात राहून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात बाप्यांतही कुणी मॅट्रिक नव्हता. पुढे अकोल्यालाच शाळेत शिक्षिका झाले.

माझे यजमान मला अमरावतीत भेटले. ते नैरोबीत वाढलेले, व्यायामाचं शिक्षण घ्यायला अमरावतीत आलेले. त्यांचे आजोबा रेल्वेच्या कामावर आफ्रिकेत गेले आणि तिकडचेच झाले. जात वरची. आम्ही कचेरीत सह्या करून लग्न केलं. नैरोबीहून कुणी आलं नाही. 'हरकत नाही, पण आशीर्वादही नाही,' एवढंच सासूबाईंनी कळवलं.

दोनेक वर्षांनी सासऱ्यांनी बोटीची तिकिटं पाठवली. तिथली मराठी मंडळी सून बघायची म्हणून मागे लागली होती. ते कळल्याबरोबर माय मला घेऊन कापडाच्या दुकानात गेली. लग्नात विहिणीचा मानपान झाला नव्हता, तो तिच्या मनात राहिला होता. तिनं हिरवं नऊवारी निवडलं, तांबड्या काठाचं. दुकानातला पोऱ्या ते उलगडायला लागला तशी ती ओरडली, "अरे बाबू, उघडू नोको! निस्ता काठ दाव."

"मावशी, आत डाग-बिग असला तर?"

"तुह्यावर भरोसा हाय माहा. पन घडी नाई मोडाची. हे माह्या इहिणीचं हाय, आफ्रिकेत जाऊन रायलं."

स्टेशनवर तिनं पुन्हा बजावलं, "सासूले सांगजो, मी हातबी नाई लावला. घडी तुमीच मोडा म्हनावं."

मुंबईहून बोट, मोंबासाहून आगगाडी. बोटीत मी ओकून ओकून अर्धी झाले. आफ्रिका म्हणजे अकोल्यासारखंच ऊन, या हिशेबानं एकही गरम कपडा घेतला नव्हता, आणि नैरोबीच्या स्टेशनवर उतरले ती कुडकुडतच. माती लाल. आमच्या काळ्या जमिनीच्या सवयीनं मला ती भाजून काढल्यासारखी वाटली. सासऱ्यांनी अंगावरचा कोट काढून दिला. तो माणूस चांगला होता, पण घरात त्यांचं काही चालत नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. नायलॉनची गोल पाचवारी साडी, कापलेले केस. मी नमस्कार केला आणि लुगडं दोन्ही हातांनी पुढे धरलं. "माझ्या आईचा आहेर. घडी तुम्हीच मोडावी असं सांगितलंय."

त्यांनी दोन बोटांत काठ धरला. "सुती? तेही नऊवारी? इथं कोण नेसतं गं हे?" शेजारून घरात कामाला असलेली आया धुण्याची टोपली घेऊन चालली होती. ती तिकडचीच, काळी, उंच, धिप्पाड बाई. सासूबाईंनी लुगडं तिच्या टोपलीत टाकलं. "घे. तुला होईल."

टाकलं. हातात दिलं नाही. एवढा समुद्र ओलांडून मी त्याच ओसरीखाली येऊन उभी राहिले होते. माझे यजमान बुटाची नाडी सोडत बसले होते. ती सुटता सुटत नव्हती.

नंतर त्यांनी मला गाठलं. "जाऊ दे ना. तिचा स्वभावच तसा आहे."

"माहाबी आहे," मी म्हटलं.

रविवारी घरी तिथल्या मराठी बायकांना चहाफराळाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी सासूबाईंनी मला बसवून समज दिली. "कुणी विचारलं तर अमरावतीकडे शेतीवाडी आहे म्हण. आईचं कारखान्यातलं काम, तुमचा धर्म, यातलं काही काढायचं नाही. आणि हे नेस." त्यांनी जांभळी रेशमी साडी माझ्यासमोर ठेवली. मी "बरं" म्हटलं. त्यांना वाटलं, सून गरीब गाय आहे.

साडी आणि तिच्यासोबतचा ब्लाउजचा तुकडा उचलला आणि सरळ मागच्या अंगणात आयाच्या खोलीवर गेले. ती मोडकंतोडकं हिंदी बोलायची. लुगडं तिच्या ट्रंकेवर तसंच होतं, घडीत. मी म्हटलं, "ये मेरी माँ का है. वापस दे. बदले में ये ले." तिनं रेशीम गालाला लावून पाहिलं, उजेडात धरलं, मग माझ्या हातातल्या ब्लाउजच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "वो भी." तो पण दिला. बाई पक्की होती. मला आवडली.

रविवारी दिवाणखाना भरला. मी माझी शाळेची पांढरी साडी नेसून बसले. सासूबाई दात आवळून हसत होत्या. तेवढ्यात आया लाडवांचं ताट घेऊन आली. तिनं जांभळं रेशीम कमरेला गुंडाळून एक टोक खांद्यावर टाकलं होतं आणि राणीसारखी चालत होती. बायकांच्या माना वळल्या. सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

मी उठले, आतून दुसऱ्या ताटात मांडून ठेवलेलं लुगडं आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा माझ्या आईचा आहेर. अकोल्याला जिनात सरकी निवडून घेतलेला. आम्ही बौद्ध आहोत. सासूबाईंनी हे चुकून आयाला दिलं होतं, मी माझी साडी देऊन सोडवून आणलं. घडी विहिणीनंच मोडावी असं आईनं सांगितलंय, म्हणून थांबले होते."

त्या मंडळीत सगळ्यांत आधी आफ्रिकेत आलेल्या एक म्हाताऱ्या काकू होत्या. त्यांचा शब्द तिथं कुणी मोडत नसे. त्यांनी लुगडं हातात घेऊन फिरवलं. मग सासूबाईंना म्हणाल्या, "अगं, विहिणीचा आहेर असा ताटात ठेवतात होय? आत जा आणि नेसून ये."

"काकू, मला नऊवारी आता जमत नाही हो."

"चल, मी नेसवते. तुझ्या लग्नात मीच तर नेसवलं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, ती मला स्पष्ट कळली. मी म्हटलं, "घडी मात्र तुमच्या हातानं मोडा. इथंच, सगळ्यांसमोर." त्यांनी मोडली.

मग संध्याकाळपर्यंत त्या कडक खळीच्या, बोचऱ्या लुगड्यात बसून होत्या, कासोटा सावरत. मी यजमानांना कॅमेरा आणायला सांगितलं. ते घुटमळले. मी नुसतं बघितलं, तसे उठले. त्या मुक्कामात सासूबाई माझ्याशी मोजकं बोलल्या. मी त्यांना एकदाही आई म्हटलं नाही, पुढेही नाही. लोक सांगतात, मोठ्यांना माफ करावं. करोत बापडे.

अकोल्याला आल्यावर मायला फोटो दिला. तिनं तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "इहीण रडल्यासारखी काहून दिसून रायली व?"

"तिले लई आवडलं म्हणून."

आयाची गोष्ट मी तिला कधीच सांगितली नाही. पुढच्या पगाराला तसंच हिरवं लुगडं आणून तिच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "हे आता कोनाले द्याचं?"

"कोनालेच नाई. नेस."

मायनं घडी मोडली. आणि माझ्या सासूनं माझ्या मायनं दिलेलं लुगडं स्वतःच्या हातानं घडी मोडून, चारचौघींत नेसलं. मला एवढंच करायचं होतं, आणि ते मी केलं.