शेवंताबाईंची सही

समाजसेवा निःस्वार्थ असावी लागते, आणि तिची नोंद ठेवावी लागते. आमच्या कॉलेजच्या सेवा शिबिरात विद्यार्थ्यांच्या डायरीत गावकऱ्याची सही असल्याशिवाय तास धरत नाहीत, आणि तासांशिवाय वाढीव गुण मिळत नाहीत.

शेवटच्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर मनीषा शेवंताबाईंपुढे डायरी धरून बसली होती. आठवडाभर तिने त्यांना अक्षरं शिकवली होती.

"आजी, अंगठाच द्या ना. बस निघेल."

"अन् तुझे सर?"

"सर म्हणतात, साक्षरता वर्गाला अंगठा चालत नाही."

"बरोबर हाय त्यांचं. थांब मग."

सेवा करणाऱ्याला नेहमीच बसची घाई असते. सवड काढतो तो सेवा करून घेणारा, आणि त्याचे तास कोणी मोजत नाही. शेवंताबाईंनी 'शे' काढला, पेन खाली ठेवलं, पाणी प्यायल्या. हॉर्न वाजला. बसमधली पोरंही उतरून ओट्याभोवती जमली. शेवटचा काना उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या.

सहीला पाऊण तास लागला. मनीषाने तोही डायरीत मांडला. त्या नोंदीपुढे आता शेवंताबाईंची आणखी एक सही लागते.