राईट आऊट कंच्या खात्यात येतं?

माझी पहिली नोकरी फुटबॉल खेळण्याची होती. कागदावर मात्र मी गाडीतळाचा कारकून होतो. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे एम.डी. फुटबॉलवेड्या कोल्हापूरकडचे, त्यांना कारखान्याचा संघ हवा होता. संचालक मंडळाला कुस्ती समजत होती, कबड्डी समजत होती. फुटबॉलच्या नावानं माणसं भरणं शक्य नव्हतं. म्हणून कुणी वजनकाट्यावर लागला, कुणी बारदान गोदामात आणि मी गाडीतळावर. सकाळी उसाच्या बैलगाड्यांना नंबर द्यायचे, दुपारनंतर खेळायचं.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. प्रशिक्षक हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. तालमीत असतात तसे तेही वस्ताद झाले. मैदान भुश्याच्या ढिगामागं, काळ्या मातीचं. पाऊस नीट झालेला नसला की त्याला दिवाळीपासूनच भेगा पडत. चेंडू भेगेच्या काठाला लागला की कुठं उडेल याचा नेम नसे. वस्तादांनी त्यावर उपाय काढला होता.

"जमिनीला लागूच देऊ नका. लागला की तो तुमचा न्हाय, जमिनीचा."

त्यामुळं आमचा सगळा संघ चेंडू वरच्यावर घ्यायचा. छातीवर, मांडीवर, पायाच्या पंज्यावर. बाहेरचे संघ हसायचे. मी राईट आऊट होतो, म्हणजे उजव्या कडेनं पळायचं आणि चेंडू गोलसमोर टाकायचा. वेग चांगला होता. बाकीचं वस्तादांनी करून घेतलं.

आमचं घर उमरग्याजवळच्या एका खेड्यात. थोडी कोरडवाहू जमीन. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी दुष्काळ होता आणि आई-वडील दोघंही पाझर तलावाच्या सरकारी कामावर माती वाहत होते. मी सुट्टीत घरी गेलो की कामावरची माणसं चौकशी करायची.

"पोरगं काय करतं कारखान्यात?"

"खेळतंय," वडील सांगायचे.

"ते कळलं. काम काय करतं?"

"तेच."

"मग आमचं बी लावा की तिकडं. घरात दिवसभर लाथाच झाडतंय."

वडील हसायचे नाहीत. पोटापाण्याचं काही तरी पक्कं बघ, एवढंच म्हणायचे. त्यांना खेळाचा राग नव्हता, भरवसा नव्हता.

तो भरवसा मलाही राहिला नाही, कारण जानेवारीतच ऊस संपत आला. विहिरी आटल्या, उभा ऊस लोकांनी जनावरांना घातला. गाडीतळावर पूर्वी बैलांच्या रांगा मोजता येत नसत. आता गाडीवान सावली बघून निवांत बसत. गाळप लवकर बंद होणार हे नक्की झालं. एम.डी. साहेबांनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं की हंगामाबरोबर संघही बंद. ज्यांना घरी जायचं त्यांनी जावं. मला घरी जायचं म्हणजे पाझर तलावावर जायचं होतं, आणि एकदा तिथं गेलेला माणूस पुन्हा मैदानावर येतो असं कुठं दिसत नव्हतं.

वस्तादांचा फौजेतला एक जोडीदार पुण्यात एका सरकारी खात्याच्या संघाला शिकवत होता. त्या संघात एक जागा होती, आणि तिच्याबरोबर खात्यात पक्की नोकरी. वस्ताद त्याच्याशी माझ्याबद्दल बोलले. तो म्हणाला, ट्रायल घेऊ, पोराला कधी पाठवायचं ते फोन करून कळवतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साखर कारखान्याच्या भाषेत ट्रायल या शब्दाला एकच अर्थ असतो: नव्या कारखान्याचं पहिलं चाचणी गाळप. त्याच दिवसांत शेजारच्या तालुक्यात एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि दुष्काळ असो नसो, त्याच्या अध्यक्षांना ट्रायल याच वर्षी घ्यायची होती. त्यांच्याकडं तयार माणसं नव्हती. आमचं लेबर ऑफिस आठवडाभर जीप भरभरून माणसं तिकडं पाठवत होतं.

फोन आला रविवारी सकाळी. वस्ताद धाराशिवला गेले होते. ऑपरेटरनं ऐकलं ते असं: तुमचा गाडीतळावरचा पोरगा उद्या सकाळी आठला ट्रायलला पाठवा. फोन पुण्याचा होता, पण यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचे फोनही पुण्याहूनच यायचे. ऑपरेटरनं निरोप लेबर ऑफिसात दिला. तिथून शिपाई माझ्याकडं आला.

"ट्रायलला जायचंय. जीप उभीय. सामान घे."

मी बूट, मोजे आणि एक बदलायचा सदरा घेतला. कारखान्यानं जीप दिली याचं नवल वाटलं, पण एम.डी. साहेबांनी सोय केली असेल असं धरून चाललो. जीपमध्ये दोन फिटर आणि एक पॅनमन, म्हणजे रस शिजवून साखर पाडणारा, असे तिघं आधीच बसले होते. जीप पुण्याच्या उलट दिशेला वळली. मला वाटलं, यांना सोडून पुढं जायचं असेल.

"तू बी ट्रायलला व्हय?" पॅनमननं विचारलं.

"व्हय."

"पहिलीच?"

"पहिलीच."

"भ्यायचं न्हाय. सुरुवातीला समदं गळतंच. मग आपोआप बसतं."

मला तो समजूतदार माणूस वाटला.

नव्या कारखान्यावर पोचलो तेव्हा बॉयलरपुढं नारळ फुटून गेले होते. फोरमन एकेकाला विचारून खात्यात पाठवत होता. माझी पाळी आली.

"तू काय करतोस?"

"राईट आऊट."

त्यानं जरा विचार केला. "राईट आऊट कंच्या खात्यात येतं? मिल हाऊस का बॉयलर?"

मी पिशवीतले बूट काढून दाखवले. फिटरांना आधी कळलं, मग फोरमनला. पॅनमन तेवढा हसला नाही. "चेंडूची बी ट्रायल असती व्हय," तो म्हणाला, "आन् आमी तुला गळतीचं सांगत बसलो."

तिथला फोन अजून जोडलेला नव्हता. आमची जीप दोन दिवसांनी परतणार होती. फोरमन तापट होता, पण कामाचा. आमच्या कारखान्यातून मळी भरून पुण्याला जाणारा टँकर संध्याकाळी हमरस्त्यावरून जातो, हे त्यालाच ठाऊक होतं. त्यानं मला एका मोटारसायकलवर बसवून तिथवर पोचवलं. टँकरवाल्यानं वाटेत चाक बदललं, जेवण केलं, झोपही काढली. मी पुण्यात मैदानावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती आणि आलेली पोरं बुटांच्या नाड्या सोडत होती.

वस्तादांचे जोडीदार घड्याळाकडं न बघता म्हणाले, "आठ म्हणजे आठ."

मी झालं ते सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मळीचा वास मात्र त्यांना आला असावा, कारण ते एक पाऊल मागं सरकले.

"आता संघाचा आपसातला सामना आहे. लेफ्ट बॅकचा पाय मुरगळलाय. उभा राहतोस?"

मी उजव्या कडेचा, पुढं खेळणारा. जागा डावीकडची, मागची. मी हो म्हणालो.

ते मैदान हिरवळीचं होतं. मी असल्या मैदानावर कधी खेळलो नव्हतो. पहिला चेंडू जमिनीवरून सरळ माझ्याकडं आला. तो उडेल म्हणून मी पाय उचलला, आणि तो उडाला नाही. पायाखालून निघून गेला. दुसराही गेला. तिसऱ्यावर गोल झाला. आमच्याच गोलकीपरनं विचारलं, "दरवाजा उघडा ठेवलायस का?" कडेला मुरगळलेला पाय बादलीत बुडवून लेफ्ट बॅक बसला होता. तो मोठ्यानं हसला.

मग समोरच्यांनी लांब, उंच चेंडू टाकायला सुरुवात केली. माझी बाजू कच्ची दिसल्यामुळं सगळे माझ्याकडंच. त्यातला एकही मी जमिनीला लागू दिला नाही. छातीवर घेतला, पायावर उतरवला, पुढं दिला. काही वेळानं त्यांनी माझ्या बाजूला टाकणं बंद केलं.

सामना संपल्यावर जोडीदारांनी जवळ बोलावलं. "वरचा येतो, खालचा येत नाही. असं उलटं कसं?"

"आमच्याकडची जमीन भरवशाची नसते," मी म्हणालो.

"इथली आहे. ती शिक. राईट आऊट विसर, बॅक म्हणून घेतो. राखीव."

कामगिरी म्हणून सांगण्यासारखं एवढंच. जेवायला कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं. तो लेफ्ट बॅक लंगडत मला कॅन्टीनला घेऊन गेला. तो माझ्याहून मोठा, सोलापूरकडचा. ताट पुढं सारल्यावर मी त्याला विचारलं, पाय बरा व्हायला किती दिवस लागतील.

"का? घाई हाय का तुला?"

"न्हाय. सहज."

"सहज काय विचारतोस? माझीच जागा हाय ती." त्यानं आपल्या ताटातली एक चपाती माझ्या ताटात टाकली. "उद्यापासून भिंतीवर चेंडू मारायचा. आला की तळव्याखाली दाबायचा. मी बसून बघतो. तसंही मला दुसरं काम न्हाय."

पाय बरा होईपर्यंत तो रोज खुर्ची घेऊन भिंतीजवळ बसला आणि मला शिव्या देत राहिला. मग तो संघात परतला आणि मी बाकावर. त्या मोसमात मी एकही सामना खेळलो नाही. वडिलांना कळवलं की नोकरी पक्की आहे. खेळतोस की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.