दोन आडव्या रेघा आणि अख्खा शब्द

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी पुण्यातली प्रोग्रामरची नोकरी सोडून आष्टीला माहेरी आले होते. जनावरं छावणीत होती, दूध आटलं होतं आणि तालुक्यातल्या सहकारी दूध संघाचे टँकर नुसते उभे होते. संघानं ते आतून धुऊन पाण्याला लावले. कोणत्या वस्तीला कोणता टँकर किती खेपा करणार, हे रोज सकाळी संघाचे सचिव ठरवायचे आणि चालकांना कागद लिहून द्यायचे. साठीच्या आसपासचा, हळू बोलणारा माणूस. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे.

लिहून लिहून त्यांचा हात दुखायचा, म्हणून मीच म्हटलं, प्रोग्राम करून देते. संघाचा कॉम्प्युटर जुना, त्याचा माऊस कधीच मेलेला. काळ्या पडद्यावर एका ओळीत कमांड टाइप करायची, एंटर दाबलं की प्रिंटरमधून कागद. काय करायचं ते सांगणाऱ्या प्रत्येक ऑप्शनला मी एकच इंग्रजी अक्षर ठेवलं होतं. लहान आर म्हणजे खेप राखीव, मोठा आर म्हणजे खेप रद्द. पुण्यात आम्ही असंच करायचो. ज्याची कमांड आखूड तो हुशार, असा समज होता. काकांनी अक्षरं एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी टेकवून ठेवली. त्या पुठ्ठ्याकडे बघून मला शंका यायला हवी होती. आली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका वस्तीसाठी त्यांनी दुसऱ्या दिवसाची जादा खेप राखायला घेतली. कीबोर्डवरचं मोठ्या अक्षरांचं बटण चालू राहिलं होतं. होती ती खेपही रद्द झाली. पडद्यावर काहीच आलं नाही, कारण सगळं नीट झालं तर प्रोग्रामनं गप्प राहायचं, हेही मीच ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वस्तीवरची एक म्हातारी बाई चालत संघात आली. भांडायला नाही. बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सकाळधरनं सगळे वाट बघतेत. आमचं काय चुकलं, तेवढं सांगा."

काकांनी आधी टँकर रवाना केला, तिलाही चालकाशेजारी बसवून पाठवलं. मग आम्ही दोघांनी मिळून आदल्या दिवशीची कमांड शोधली.

"काका, मोठा आर दाबला तुम्ही," मी म्हटलं. आवाजात जरा धार होती.

"दाबला आसंल. चूक माझी हाय," ते म्हणाले. "पन ताई, एखाद्या वस्तीचं पानी तोडायचं म्हनलं तर रजिस्टरात मला अख्खी ओळ लिवावी लागायची, खाली सही करावी लागायची. तुमच्या यंत्राला एकच अक्षर कावून पुरतं?"

घरी जाताना त्यांचा रागच आला होता. रात्री जेवताना तो माझ्यावर वळला.

सकाळी मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, कॉम्प्युटर राहू द्या, तुम्ही हे चालकाला कसं सांगाल ते सांगा. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ते आधी गाव सांगायचे, मग खेपा, मग टँकर. नुसता आकडा कधीच नाही. दोन म्हणजे दोन खेपा की दोन नंबरचा टँकर, हे आकड्याच्या आधीच सांगायचे. आणि कच्चा कागद नेहमी पेन्सिलीनं.

त्यावरून मी ऑप्शन नव्यानं बांधले. अक्षरं इंग्रजी, पण शब्द त्यांचेच, आणि पुढं अख्खा शब्द आहे हे यंत्राला कळायला प्रत्येकाआधी दोन आडव्या रेघा: गाव, खेपा, टँकर, राखून-ठेव. रोजच्या शब्दांना आखूड रूप ठेवलं, रद्दला ठेवलं नाही. तो शब्द पूर्ण लिहायचा. मग प्रोग्राम गावाचं नाव घेऊन विचारणार, नक्की का? शब्द चुकला तर कोणता चुकला ते सांगणार. आणि पेन्सिलीसाठी एक वेगळा ऑप्शन, फक्त-दाखव: कागद कसा निघेल ते पडद्यावर दिसेल, बदलणार काहीच नाही.

पहिले दोन दिवस काका सगळ्या कमांडा फक्त-दाखव लावूनच देत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लई टाइप करावं लागतंय, पन आता काय करतोय ते मला कळतंय." पुठ्ठा कधी काढला, ते माझ्या लक्षात आलं नाही.

पुढं माजलगावच्या एका सहकारी साखर कारखान्यातल्या प्रोग्रामर बाईंनी तो प्रोग्राम मागून नेला. त्यांचेही टँकर फिरत होते. माझ्या कमांडा त्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये ओळीनं लिहून टाकल्या. मी फोनची वाट बघत होते. नवीन माणसाला शंका येतातच. फोन आला नाही.

पहिला पाऊस झाल्यावर, टँकर अजून चालू असताना, एका कामासाठी माजलगावला गेले तेव्हा कारखान्यात डोकावले. बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेले गृहस्थ नवीन होते, त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पडद्यावर माझी ओळ दिसली, म्हणून मी सहज विचारलं, हे काय करतं?

"वाचा की," ते म्हणाले आणि बोट फिरवत त्यांनीच वाचलं. "गाव हे, खेपा दोन, राखून ठेव. पुढं लिवलंय फक्त दाखव, म्हणजे आत्ता नुसतं दाखवील."

बरोबर होतं. फोन का आला नाही, ते कळलं. त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला आणि आष्टीच्या गाडीची चौकशी केली.