खोळीतला फळा

नकाशाबाईंच्या घरी सोफ्यावर प्लॅस्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक होतं, आणि चांगल्या कपबश्या लग्नापासून काचेच्या कपाटात बसून पाहुण्यांची वाट बघत होत्या. पाहुणे येत, नाही असं नाही. पण त्या कपांच्या लायकीचे कधी आलेच नाहीत. "आता फक्त मला खोळ घालायची राहिलीय," नवरा म्हणायचा. बाई त्याच्याकडे मापं घेतल्यासारख्या बघायच्या.

शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. शाळेचे कापडी नकाशे त्यांनी नोकरी लागल्यापासून तळहाताच्या फोडासारखे जपले, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. नकाशाला बोट लावलेलं त्यांना खपत नसे. नदी दाखवायची ती पट्टीने, तीही अंतर राखून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कित्येक मुलांना नद्या हवेतून वाहतात असं आजही वाटत असेल.

तर अशा बाईंच्या शाळेला सरकारी अनुदान मिळालं. मुलांना नव्या तंत्रज्ञानाने शिकवा म्हणून सरकारने एक भलामोठा डिजिटल फळा आणि खोकी भरून टॅब पाठवले. हेडसरांना काळजी पडली ती शिकवण्याची नव्हे, फुटण्याची. "सरकारी वस्तू! काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल. बाई, तुमच्याकडून आजवर खडूसुद्धा हरवला नाही. तुम्हीच सांभाळा."

सांभाळा म्हणाले, वापरा म्हणाले नाहीत. बाईंनी ऐकलं तेवढं केलं. टॅब कपाटात गेले, किल्ली क्रोशाच्या पिशवीत गेली आणि पिशवी पर्समध्ये. फळा भिंतीवर बसवलेला, तो कपाटात जाईना. मग त्याला जाड कापडाची खोळ शिवली. खाली झालरसुद्धा लावली, शिवायचीच तर नीट शिवावी म्हणून.

गणिताची नवी शिक्षिका रोज मागे लागायची. "बाई, एक तास द्या ना. आलेख हलताना दाखवते मुलांना."

"आलेखाला हलायला काय झालं? चांगला बसलाय एका जागी."

"अहो, पण हे मुलांसाठीच आलंय!"

"म्हणूनच मुलांपासून जपायला हवं."

ती खडू उचलून जुन्या फळ्याकडे वळायची.

आणि एके सकाळी निरोप आला. उद्या तपासणी. जिथे वापर दिसणार नाही, तिथलं सामान उचलून पुलापलीकडच्या शाळेला देणार. हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. गणिताची नवी शिक्षिका, पोरगीच ती, रडकुंडीला आली. पण खऱ्या हादरल्या त्या बाई. पुलापलीकडच्या शाळेत मुलं बाकांवरून पळतात! तिथे जाणार आपले टॅब?

"वापरल्यासारखं दिसायला हवं," हेडसर म्हणाले. "आज मुलांच्या हातात द्या. बोटांचे ठसे, चार-दोन डाग... माफक."

बाईंनी कपाट उघडलं आणि मुलांना पहिलं वाक्य म्हणाल्या, "सगळ्यांनी हात धुऊन या." हेडसरांनी डोक्याला हात लावला. मुलं काचेवर बोटं फिरवत होती आणि बाई मऊ फडकं घेऊन मागोमाग. शाळा सुटेपर्यंत एक ठसा शिल्लक असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी अधिकारीबाई आल्या. झिजलेल्या चपला, थकलेला चेहरा. शंभर शाळांच्या थापा ऐकून झालेल्या. मुलांच्या हातात टॅब दिलेलेच होते. त्यांनी त्यातला एक उचलला आणि काचेवरचा कंपनीचा कागद टर्रकन सोलला. बाईंना आपलीच कातडी सोलल्यासारखं झालं.

"हे बाहेर कधी काढलेत?"

"रोज, मॅडम, अगदी रोज—" हेडसर सुरू झाले.

"काल," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. "पण एकालाही ओरखडा नाही, बघा."

"तेच बघतेय. आणि फळा?"

"फळा मात्र मी रोज वापरते," बाई मान ताठ करून म्हणाल्या.

"कसा?"

बाईंनी कापडी नकाशा उलगडला. फळ्याच्या खोळीला वरच्या बाजूने दोन हूक शिवलेले होते. त्यांना नकाशा अडकवला आणि मागे सरकून म्हणाल्या, "भिंतीपेक्षा सरळ बसतो."

अधिकारीबाईंनी नकाशा बघितला, हूक बघितले, झालर बघितली आणि त्या सरळ मुलांच्या बाकावर बसल्या. हेडसर खिडकीबाहेर बघू लागले. जणू ते या शाळेत नोकरीलाच नव्हते.

"सामान उद्या उचलतील," अधिकारीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून धप्प असा आवाज झाला. मोठ्यांचं बोलणं चालू असताना एक मुलगी टॅबवर नदी शोधत बसली होती. टॅब हातातून सुटला. कोपऱ्यात काचेला जाळं पडलं. मुलांच्या माना बाईंकडे वळल्या.

बाई गेल्या. टॅब उचलला आणि सवयीने काच पुसायला बोट फिरवलं, तर नदी सरकली. बाई दचकल्या. पुन्हा बोट फिरवलं. नदी आणखी सरकली, डोंगर आला.

"अगं बाई! हा तर उगम!"

"उलटं ओढा बाई, समुद्रपण येतो," मुलगी रडायचं विसरून म्हणाली.

"कुठे? सरक जरा." बाई तिच्या शेजारी बसल्या. पोरं भोवती गोळा झाली, एकाच्या हाताला शाई, एकाच्या नाकाला सर्दी. हात धुऊन या, असं कोणी म्हणालं नाही.

"बाई," अधिकारीबाई खाकरल्या, "तो फुटलाय."

"फुटलाय, पण चालतोय. जरा थांबा हो, आम्ही अजून समुद्राला पोचलो नाही."

अधिकारीबाई थांबल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत ठेवते. पुन्हा येईन. तेव्हा असंच चकचकीत दिसलं, तर सगळं उचलेन. आणि किल्ली आजपासून हिच्याकडे." त्यांनी दारात उभ्या असलेल्या गणिताच्या शिक्षिकेकडे बोट केलं.

बाईंनी गणिताच्या पोरीला किल्ली दिली. पिशवीसकट. "पिशवी अधूनमधून धूत जा," तेवढं मात्र सांगितलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या फळ्याची खोळ काखोटीला मारून. झालर लावलेलं ते लांबरुंद कापड बघून नवऱ्याची पाचावर धारण बसली. "अगं, मी गंमत करत होतो! खरंच शिवलीस?"

बाई हसल्या. खोळ टेबलावर पसरली आणि काचेचं कपाट उघडून चांगले कप काढले, फडक्याने पुसले.

"कोण येणारय?"

"कोणी नाही. चहा घ्या."

त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "सांडला तर?"

"सांडू दे," बाई म्हणाल्या. पण फडक्यावरचा हात काही त्यांनी काढला नाही.