दिनकररावांचा ‘आपण’

दिनकररावांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी ताठ्यात म्हणालो, "बोलायचं असेल तर त्यांनी स्वतः फोन करावा."  ती कशीबशी म्हणाली, "काका, बाबा गेले..." त्याला आता महिना होऊन गेला. माझं ते वाक्य काही मला सोडत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. सगळा जन्म टेम्पो चालवण्यात गेला. दिनकरराव कचेरीत मोठे बाबू, ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायचे. पण थंडी पडली की रविवारी आमची सगळी टोळी माझ्याच टेम्पोत बसून मुरारच्या पलीकडच्या गावांत मॅच खेळायला निघायची. टेनिसचा बॉल, दुपारचं जेवण गावाकडून, आणि कॅप्टन दिनकरराव. ते सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचे. टेम्पोपुढे आडव्या आलेल्या म्हशीलासुद्धा... "आपण जरा बाजूला व्हा!" पुण्याकडच्या पाहुण्यांचा घोटाळा व्हायचा. त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यात ‘आपण’ म्हणजे मी, तू, सगळेच. आमच्या ग्वाल्हेरात हिंदीतल्या ‘आप’मुळे ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस.

ह्या हिवाळ्यात एका गावात समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला दोन रन हवे होते. बॉल उंच उडाला तो आमच्या दोघांच्या मधोमध. दिनकरराव ओरडले, "आपण!" मी जागचा हललो नाही. बॉल मातीत पडला, समोरच्यांनी दोन रन पळून काढले. सगळं गाव खदखदून हसलं. "अरे दद्दा, लखनऊ से आए हो का? पहले आप, पहले आप!"

माझं डोकं फिरलं. चारचौघांत म्हणालो, "मराठी धड बोलत जा! आपण म्हणालात, मला वाटलं तुम्हीच घेताय."

"चूक माझी. आपण रागावू नका."

मी रागावलोच. पुढच्या शनिवारी ते दारात आले. "उद्या येणार ना आपण?" मी म्हणालो, "दुसरा गडी बघा." टेम्पोही दिला नाही. म्हातारी माणसं बसनं गेली.

आज खरं सांगतो. चाळीस वर्षं ऐकलेला ‘आपण’ मला न कळायला काय झालं होतं? चांगला कळला होता. गुडघ्यानं पाय उचलू दिला नाही, आणि ते कबूल करायची लाज वाटली... म्हणून त्यांची मराठी काढली.

तेराव्यानंतर सुनेनं त्यांची स्कोअरची वही माझ्यापुढे ठेवली. मी अक्षर लावत लावत वाचली. माझ्याविना तीन मॅच झाल्या, तिन्हींत दहाच जण खेळले. अकराव्या ओळीत दर वेळी माझं नाव, पुढे त्यांच्या बारीक अक्षरात, "येत आहेत." आणि त्या मॅचच्या पानावर, तळाशी, "झेल सुटला, दिनकरकडून."

मी सुनेकडे पेन मागितलं. ‘दिनकर’ खोडलं. माझं नाव लिहायला मला वेळ लागतो... ती शेजारी वही धरून उभी राहिली.