रामजीभाऊंकडे अडकलेले डबे

रामजीभाऊंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका पेरूमुळे. मी तेव्हा कळमनुरीच्या शाळेत शिकवत होते आणि आखाडा बाळापूरहून रोज सकाळच्या एसटीनं जात होते. गाडी बहुतेक वेळा त्यांच्याच हाती असायची. एकदा टोपलं घेऊन चढलेल्या म्हातारीनं एका फाट्यावर उतरताना ड्रायव्हरच्या मागच्या जाळीतून एक पेरू आत सरकवला. "खा रे बाबा, गोड हाय." त्यांनी तो घेतला, समोरच्या काचेपाशी ठेवला आणि गाडी काढली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तोच फाटा आला. म्हातारी तिथं उभी नव्हती, तिला कुठं जायचंच नव्हतं. तरी गाडी थांबली. रामजीभाऊ खाली उतरले, रस्त्याकडेच्या घरापाशी जाऊन हाका मारल्या, म्हातारीला बाहेर बोलावलं आणि तिच्या हातात दोन केळी ठेवून परत आले. गाडीत कुजबुज सुरू झाली होती.

कंडक्टर म्हणाला, "रामजी, टाइम बघ की जरा."

"बघतो ना," ते स्टेअरिंगवर बसत म्हणाले, "पण कुणाचं खाऊन तसंच पुढं कसं जावं माणसानं?"

मी त्या दिवशी शाळेत पाच मिनिटं उशिरा पोचले आणि मुख्याध्यापकांना खरं कारण सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

पुढं ते निवृत्त झाले, मीही झाले, आणि बाळापुरात मी घर घेतलं ते नेमकं त्यांच्याच गल्लीत. तिथं त्यांच्या पत्नीची, मालनबाईंची ओळख झाली. ठेंगणी, हसरी, कामाला वाघ. गल्लीत भांडी फिरती ठेवली ती या बाईनं. आज धपाटे, उद्या शेवयांची खीर, परवा नुसतंच भरलं वांगं, पण कुणाच्या ना कुणाच्या घरी काहीतरी जायचंच. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत तशी सगळ्यांचीच आहे. पण आम्ही बहुतेक जणी घाईत चिमूटभर साखर टाकतो आणि रीत पाळली म्हणतो. मालनबाईंना ते चालायचं नाही. डबा जेवढा भरून आला तेवढा भरून जायचा.

माझ्या आईच्या काळात आमच्या घरची वाटी बौद्धांच्या घरी गेली नसती आणि त्यांच्या घरची आमच्याकडे येण्याचा तर प्रश्नच नव्हता. मालनबाईंना हे ठाऊक होतं. त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. डबे भरून पाठवत राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मुलगा प्रमोद संभाजीनगरला आपल्या कंपनीत परत गेला आणि रामजीभाऊ घरात एकटे उरले. त्यांना चहा तेवढा करता यायचा. गल्लीनं न ठरवता ठरवलं की या माणसाला उपाशी ठेवायचं नाही. कुणी वरण, कुणी पिठलं, कुणी भाकरी असं जात राहिलं. ते दारात येऊन डबा घ्यायचे, "कशाला तकलीफ" म्हणायचे आणि आत जायचे. गेलेला डबा मात्र परत यायचा नाही.

महिना गेला, दोन गेले. भिंतीला भिंत लागून असलेली मनकर्णा एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसली. मालनबाईंना ती अक्का म्हणायची, त्यामुळे रामजीभाऊ तिचे दाजी.

"बाई, तुमचे किती अडकले?"

"दोन."

"माझे बघा. वरणाचा एक, ठेच्याचा एक, अन् लेकीच्या लग्नात आलेला, झाकणावर मोर असलेला एक. दाजी भाजी खाऊन राहिले का डबे खाऊन राहिले?"

"मग मागून घे ना."

"मी? बायको गेलेल्या माणसाच्या दारात डबा मागू? तुमी मास्तरीण, तुमी मागा."

मीही मागितला नाही. गल्लीत थट्टा सुरू झाली, की रामजी भांड्यांचं दुकान टाकणार. जेवण जात राहिलं, फक्त आता ते जुन्या, चेपलेल्या डब्यांतून जाऊ लागलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रमोद आणि त्याची बायको ज्योती आले. ज्योतीनं साफसफाईसाठी भिंतीतलं कपाट उघडलं आणि तिथंच उभी राहिली. वरपासून खालपर्यंत डबे, वाट्या, सटं, झाकणं. सगळी लख्ख घासलेली, एकात एक नीट बसवलेली आणि प्रत्येकावर दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं. सगळ्यात वरच्या फळीवर ओट्सची पाकिटं होती. रामजीभाऊंच्या रक्तातली साखर काठावर आली होती, म्हणून प्रमोद ही पाकिटं दर दोन महिन्यांनी पाठवायचा. एकही फोडलेलं नव्हतं.

प्रमोदनं मला बोलावून घेतलं. "बाई, तुम्हीच बघा. बाबा सगळ्या गल्लीच्या जिवावर जेवतात, औषधासारखं पाठवलेलं खात नाहीत आणि लोकांची भांडी परत करायची विसरायला लागलेत. उद्या गॅस बंद करायचा विसरले तर?"

"मला ओट जात न्हाईत," रामजीभाऊ म्हणाले. "भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ असती तशी ती लापशी. अन् मी ड्रायव्हर होतो, घोडा न्हाई."

"आणि ही भांडी?"

रामजीभाऊंनी पुढं होऊन कपाटाचं दार लावून घेतलं. तेवढ्यानं प्रमोदची भीती पक्की झाली. त्यानं सांगून टाकलं, "जानेवारीत गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावू. तुम्ही आमच्याकडे राहायचं."

प्रमोदचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून मला मध्ये पडता येईना. पण रामजीभाऊंचा चेहरा मी पाहिला. हे घर त्यांनी आणि मालनबाईंनी एकेक खोली करत बांधलेलं. ते सोडायची त्यांची तयारी नव्हती आणि ते सोडू नये यासाठी दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मुलगा गेल्यावर मी सरळ विचारलं, "रामजीभाऊ, डबे परत काहून नाही केले?"

"रिकामे कसे धाडू, बाई?"

"चिमूटभर साखर टाकायची."

"मालननं कधी चिमूटभर साखरेवर भांडं धाडलं न्हाई," ते म्हणाले. "तिच्या मागं मी धाडू? लोक म्हणतील, बाई गेली अन् घराची रीतबी गेली. अन् मला तर काही करता येत न्हाई."

म्हणजे ते विसरले नव्हते. त्यांना प्रत्येक डबा कुणाचा आणि त्यातून काय आलं होतं हेही आठवत होतं.

ही गोष्ट मी फोनवर त्यांच्या नातीला, दीक्षाला सांगितली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आजोबांशी बरोबरीच्या नात्यानं बोलते. तिनं त्याच संध्याकाळी आजोबांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि वरून फोन केला. "आजोबा, लापशी नका खाऊ. ओट्सच्या वड्या करा. मध्ये फळ भरायचं. डबे पण भरतील आणि पाकिटं पण संपतील."

"ओव्हन लागतो म्हणून राहिला तो माणूस."

"कुकर आहे ना? खाली मीठ घाला. शिट्टी काढा, रबर काढा. झाला ओव्हन."

पहिल्या दिवशी त्यांनी मध्ये संत्र्याच्या फोडी घातल्या. कुकर उघडला तर थाळ्यात आमटी. दुसऱ्या खेपेला पेरू बियांसकट घातला आणि मनकर्णाला चवीला बोलावलं. तिनं एक घास चावला आणि गालावर हात ठेवला.

"दाजी, ह्यात मुरूम टाकला व्हय? रस्ता करून राहिले का वडी?"

"फळ हाय ते."

"फळ हाय, पण माझे दात गेल्या साली बसवलेत."

मग पेरू शिजवून चाळणीतून गाळायचा, असं तिनंच सांगितलं. तिसऱ्या खेपेला तेही केलं. वास असा सुटला की मी माझ्या घरून उठून गेले. रामजीभाऊंनी थाळं खाली उतरवलं आणि वाफ जायच्या आत सुरी घातली. सगळ्याचा भुगा झाला. मनकर्णा कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"आल्या आल्या काय कापता? गाडी स्टँडला लागायच्या आधी उड्या मारणाऱ्या पॅसेंजरवानी करून राहिले!"

आयुष्यभर वेळेवर गाडी सोडलेल्या माणसाला, झालेली वडी थंड होईपर्यंत नुसतं बसायचं हेच सगळ्यात जड गेलं. शेवटी ते थाळं झाकून घराला कडी लावायचे आणि स्टँडवर जाऊन जुन्या मंडळींत बसायचे. परत येईस्तोवर वड्या कापण्याजोग्या झालेल्या असायच्या.

आता त्यांची पद्धत बसली आहे. ओट्स तव्यावर भाजतात, निम्मे मिक्सरमधून भरड काढतात, त्यात मूठ-दोन मूठ कणीक, थोडा किसलेला गूळ आणि मुठीत गोळा होईल इतकं तूप घालतात. निम्मं मिश्रण थाळ्यात वाटीच्या बुडानं दाबून बसवतात, त्यावर पेरूचा गर खजूर घालून आटवून पसरतात आणि उरलेलं मिश्रण वरून भुरभुरवतात. मग बारीक आचेवर कुकर. वरून खरपूस लागते, मधे मऊ, आणि पेरूचा आंबटपणा गुळाला फार पुढं जाऊ देत नाही. मी वर्गात मुलांना उगाच शाबासकी देत नसे; पण ही वडी चांगली होते.

डिसेंबर सरेपर्यंत त्यांनी कपाट रिकामं केलं. दर दोन दिवसांनी एक थाळं, त्यात बसतील तेवढे डबे भरायचे, आणि धुतलेला सदरा घालून गल्लीत निघायचं. प्रत्येक दारात एकच वाक्य, "उशीर झाला, माफी असावी." मनकर्णाचा मोराचा डबा त्यांनी शेवटी नेला. तिनं झाकण उघडून पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. तिला न बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रामजीभाऊ खूश होते. प्रमोद येईल, कपाट उघडेल, रिकामं दिसेल, बात खतम. पण गल्ली त्यांना पुरती कळली नव्हती. वड्या गोड आल्या म्हटल्यावर बायकांनी तिखट पाठवलं. कुणी हुरड्याचे वडे, कुणी मेथीचे धपाटे. आणि आता चेपलेल्या डब्यांतून नाही, चांगल्या डब्यांतून. जानेवारीत प्रमोद आणि ज्योती गाडी घेऊन आले तेव्हा कपाट पुन्हा अर्धं भरलेलं होतं.

"बाबा," प्रमोद कपाटापुढं उभा राहून म्हणाला, "काहीच बदललं नाही?"

"बदललं की. ते डबे येगळे होते."

मी तिथंच होते. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मनकर्णा दारात आली. "दाजी, माझा डबा भरला का? सून माहेरी निघाली, तिला सोबत वड्या द्यायच्यात."

प्रमोद म्हणाला, "काकू, आम्ही बाबांना न्यायला आलोय."

"न्या की. कोण अडवून राहिलं? पण आमचे डबे भरून देऊन न्या. रिकामे आमी घेणार न्हाई."

"बरोबर हाय तिचं," रामजीभाऊ म्हणाले. "देणं ठेवून जाता येत न्हाई. आज थाळं लावतो."

प्रमोद हुशार मुलगा. त्यानं ठरवलं, दोन दिवस थांबू, आपणच हाताशी लागू, कपाट एकदाचं मोकळं करू आणि निघू. त्यानं पेरू गाळले, ज्योतीनं ओट्स भाजले, रामजीभाऊंनी हुकूम सोडले. संध्याकाळी प्रमोद स्वतः पिशवीत डबे घालून वाटायला निघाला. पाच दारं केली. प्रत्येक दारात त्याला बसवलं, चहा पाजला, "तुझ्या आईच्या हाताला चव होती रे" म्हणून सांगितलं आणि बाबांची खबर दिली: सकाळी किती वाजता उठतात, गोळ्या कधी घेतात, एकदा ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं. तो गेला होता पाच डबे घेऊन. परत आला तेव्हा पिशवीत सात होते.

ज्योती ते पाहून आधी हसली. हसता हसता खाली बसली. "अहो, हे संपणार नाही," ती म्हणाली. "चला, आपण दोघंच परत जाऊ."

प्रमोद हसला नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना दवाखान्यात घेऊन गेला. साखर काठावरच होती, पुढं गेली नव्हती. मग तो घरात गॅसच्या नळीपासून मोरीपर्यंत सगळं तपासत फिरला. निघताना त्यानं कपाटाकडे एकदा पाहिलं.

"रोज फोन करायचा, बाबा. एक दिवस चुकला तर मी येईन."

"ये ना. डबे वाटायला माणूस पायजेच हाय."

गाडी रिकामीच परत गेली. तशी अगदी रिकामी म्हणता येणार नाही, मागच्या सीटवर वड्या होत्या.

रामजीभाऊ आखाडा बाळापुरातच राहतात. वरण, भात आणि दोन भाज्या आता त्यांना येतात. भाकरी मात्र अजून थापता येत नाही, ती मनकर्णाकडून येते.