मावशीच्या वस्तीवर जीप नेताना

आईला डोंगरावर मावशीकडे न्यायचं, एवढंच आधी ठरलं. गाडी त्यानंतर आली.

मावशीची वस्ती पाटोद्याच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरात आहे. पावसानं वाट वाहून गेल्यापासून तिथं ट्रॅक्टर तेवढा चढतो, नाहीतर माणसं पायी जातात. आईचे गुडघे तिला चढू देत नाहीत आणि मावशीला दिसत नसल्यानं उतरवत नाही. दोघी सख्ख्या बहिणी, पण चार वर्षं भेटल्या नव्हत्या. मी बीडला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथले एक सहकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांची जुनी फोर-व्हील जीप मी घेतली. पाच महिने ती कामावर आणि बाजारात नेली, पण मोठ्या गिअरशेजारच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या लहान दांडीला कधी हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर जायचं ठरलं, म्हणून मी जीप चौसाळ्याला रफीकमामूंकडे नेली. साठीचे मिस्त्री, बोलताना हातातला पान्हा फिरवत राहायची सवय. गाडी चांगली आहे, नुसती नजर टाका, असं मी म्हटलं. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. दुकानामागच्या नांगरलेल्या रानाकडे बोट केलं.

“घाला आत.”

“फसेल की मामू.”

“तेच बघायचंय. इथं फसा ताई, वर फसू नका.”

दहा पावलांत फसले. लहान दांडी ओढली तरी मागचीच चाकं जागेवर फिरत राहिली. मामू पुढच्या चाकांकडे बघत म्हणाले, “ही झोपल्यात. दांडी हालती, पण चाकाला खबरच न्हाई.”

पुढच्या चाकांच्या मधोमध गोल कुलपं असतात. ती हातानं फिरवली की इंजिनाची ताकद त्या चाकांना मिळते. आमची कुलपं वापराविना गंजून बसली होती. अशी गाडी घेऊन मी आईला चढावर नेणार होते.

दोन दिवसांनी कुलपं मोकळी झाली आणि मामूंनी मला पुन्हा त्याच रानात घातलं. या खेपेला जीप म्हशीसारखी सावकाश, पण न थांबता बाहेर आली. मग त्यांनी टोचनाचा (गाडी ओढायचा) दोर दिला, जॅक मातीत रुतू नये म्हणून खाली ठेवायला फळी दिली आणि शेवटी ताकीद दिली, “चढाला लहान गिअर आधीच टाका, घसरल्यावर न्हाई. दगडावर चाकातली हवा कमी करा. आन उतरताना पाय ब्रेकवर ठिवून बसू नका, गाडीला गिअरवर उतरू द्या.”

रविवारी सकाळीच निघालो. तूर फुलली होती आणि दोन्ही बाजूंना रान पिवळं दिसत होतं. पाटोद्यात चहा घेतला, मावशीसाठी बुंदीचे लाडू घेतले. डोंगराच्या पायथ्याला डांबर संपलं, तशी मी उतरून कुलपं फिरवली आणि चाकांतली हवा सोडू लागले.

“आगं, चांगली हवा कावून सोडती?” आईनं आतूनच विचारलं. “लोक म्हणतील, पंक्चर गाडीत बसवून आईला नेती.”

पहिलं वळण सहज चढलं. आई खुशीत येऊन वाटेवरची सीताफळीची झाडं मोजू लागली. दुसऱ्या वळणावर मात्र पाण्यानं मधोमध घळ पाडली होती. ती पाहून माझा धीर सुटला आणि नको तिथं मी ब्रेक दाबला. मुरमावर जीप मागं घसरली, मागचं चाक घळीत गेलं आणि पुढचं एक जमिनीवरून उचललं गेलं. मी हँडब्रेक ओढला. आईनं डॅशबोर्डला दोन्ही हात लावले होते.

तिला हळूच उतरवलं. आवाज ऐकून एक मेंढपाळ काका खाली आले. त्यांनी दोर पाहिला आणि मान हलवली. “ओढायला इथं ट्रॅक्टर न्हाई बाई. दगडंच भरावं लागत्याल.”

आम्ही दोघं घळीत दगड टाकू लागलो. आई काठावर बसून थोडा वेळ बघत राहिली.

“तसं न्हाई,” ती म्हणाली. “आडवा टाकला की निसटतो. उभा घाल, आन फटीत बारका ठोक.”

मी लहान असताना आई रोजगार हमीच्या कामावर बांध घालायला जायची. तिथं काय करायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता ती बसल्या जागी दगड उलटापालटा करून पाहत होती, एखादा बाजूला टाकत होती, बाकीचे आमच्या हाती देत होती. अर्ध्या तासात घळीत पायरीसारखा भराव झाला. काका त्यावर उभे राहून दोनदा नाचले.

“लई पक्कं हाय. कुठं शिकल्या?”

“दुष्काळात,” आई म्हणाली.

मी लहान गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय काढला आणि जीपला तिच्या चालीनं जाऊ दिलं. भरावातला एक दगडही हलला नाही.

वस्तीवर मावशी अंगणात उभीच होती. आवाजाच्या दिशेनं पुढं आली, आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “वाळलीस गं.” आई म्हणाली, “तू कुठं भरलीस?” मग दोघी एकमेकींचे हात धरून आत गेल्या. दुपारी येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची), बाजरीची भाकरी आणि सीताफळं असं जेवण झालं. वाट कशी होती, हे मावशीनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा आईच्या सांगण्यातली घळ आणखी खोल झाली.

उन्हं कलायला लागली, तशी मी उठले. आई उठली नाही.

“मी ऱ्हाते आठ दिस,” ती म्हणाली. “तू जा. गिअरवर उतर.”

तिच्या गोळ्यांची पिशवी ठेवून एकटीच उतरले. तिच्या भरावावरून गाडी नेताना थांबले नाही, पण चाल अगदी हळू ठेवली. वाटभर मला वाटत होतं, गाडीची तयारी मी किती दिवस केली, कुलपं, हवा, दोर. आणि शेजारी बसलेल्या बाईला काय काय येतं, हे मात्र मला माहीतच नव्हतं. पायथ्याशी पंपानं हवा भरत होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

“उतरलीस का नीट?”

“हो. रविवारी येते न्यायला.”

मागं मावशी काहीतरी बोलत हसत होती.

“या रविवारी नको,” आई म्हणाली. “त्याच्या पुढल्या रविवारी ये.”